पावलांची साक्ष

गोल्फच्या मैदानावर फटका मारणाऱ्या मनुष्याकडे पाहतांना पाहणाराची दृष्टि त्याच्या हातांवर, काठीवर, नाहीं तर उडालेल्या चेंडूवर खिळून राहते. पायांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. हें स्वाभाविकच आहे. हात वेगानें फिरतात, काठी उन्हांत चमकते, आणि पाय मात्र होते तेथेंच असलेले दिसतात. परंतु लाकूड फोडणाऱ्या मनुष्यास विचारलें तर तो सांगेल कीं, घाव हातांनीं घातला तरी त्याचें बळ पायांतून येतें. शेवाळलेल्या फरशीवर उभें राहून कुऱ्हाड चालवणाराचा घाव ओंडक्यांत शिरत नाहीं. कुऱ्हाड तीच, हात तेच, फक्त पायांना आधार नाहीं. गोल्फचा फटका ह्या नियमाला अपवाद नाहीं.

फटक्याच्या वेळीं पाय नेमकें काय करतात, हें गेल्या कांहीं वर्षांत जोड्याच्या आंत घातलेल्या पातळ गादीनें आणि कमरेस लावलेल्या काड्यापेटीएवढ्या यंत्रानें मोजतां येऊं लागलें आहे. अंगावर बाळगण्याच्या ह्या साधनांस संवेदक म्हणतात. खेळाडूचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर कसा जातो तें त्यांच्या योगें कळतें, व तें कळल्यावर फटका सुधारतां येतो, असें सांगण्यांत येतें. ह्या म्हणण्यांत तथ्य किती आणि त्याची मर्यादा कोणती, ह्याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. तेथें तो इतका लोकप्रिय झाला कीं, १४५७ सालीं त्या देशाच्या पार्लमेंटनें फुटबॉलबरोबर त्यालाही बंदी केली. कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूच्या मागें लागले होते. बंदी टिकली नाहीं, खेळ टिकला. इंग्रजी अंमलाबरोबर तो भारतांतही आला. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाणारी गोल्फ-संस्था कोलकात्यास १८२९ सालीं निघाली. खेळाचें स्वरूप सांगावयास सोपें आहे. ४५.९३ ग्रॅमपेक्षां अधिक वजन नसलेला एक लहानसा चेंडू, १०८ मिलिमीटर रुंदीच्या खळग्यांत, कमींत कमी फटक्यांनीं घालावयाचा. खळगा कधीं दीडशें मीटरांवर, तर कधीं पांचशें मीटरांवर असतो. चेंडू स्थिर, खेळाडूही स्थिर. प्रतिस्पर्धी मध्यें येत नाहीं. तरीही हा खेळ मनुष्याला जन्मभर चकवीत राहतो.

त्याचें एक कारण काळाच्या हिशेबांत आहे. काठी मागें व वर नेण्यास साधारण पाऊण ते एक सेकंद लागतो. वरून ती खालीं चेंडूपर्यंत येण्यास सुमारें पाव सेकंद. चेंडू आणि काठीचें टोंक ह्यांचा प्रत्यक्ष स्पर्श तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. धंदेवाईक पुरुष खेळाडूंत लांब पल्ल्याच्या काठीचें टोंक त्या क्षणीं ताशीं १८० किलोमीटरच्या आसपास वेगानें चाललेलें असतें. म्हणजे जवळजवळ थांबलेली वस्तु पाव सेकंदांत आगगाडीलाही मागें टाकणाऱ्या वेगास पोहोंचते. हा वेग एकट्या हातांना देतां येत नाहीं. पाय जमीन दाबतात, त्या दाबानें कंबर फिरूं लागते, कमरेमागून छाती, छातीमागून दंड, मनगट आणि शेवटीं काठी, अशी ती गति पायरीपायरीनें चढत जाते. पहिलीच पायरी चुकली, तर वरच्या साऱ्या पायऱ्या ती चूक झांकण्यांत खर्ची पडतात.

उजव्या हातानें खेळणारा मनुष्य आरंभीं दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा भार देऊन उभा राहतो. काठी मागें नेतांना भार उजव्या पायाकडे येतो. काठी खालीं येण्याच्या सुमारास तो डाव्या पायाकडे जाऊं लागतो. ह्यालाच भारसंक्रमण म्हणतात. कोणताही शिक्षक पहिल्या आठवड्यांतच विद्यार्थ्याला सांगतो, ‘भार डाव्या पायावर आणा.’ सांगणें अगदीं साधें आहे. घोटाळा होतो तो ऐकणाराच्या समजुतींत.

समजा, साठीच्या घरांतील एक गृहस्थ आहेत. नोकरींतून मोकळे झाल्यावर ते हा खेळ शिकूं लागले, आणि दर रविवारीं सकाळीं मैदानावर जातात. त्यांचा चेंडू कधीं जमिनीवरून सरपटत जातो, तर कधीं चेंडूच्या आधींच काठी मातींत रुतते. संध्याकाळीं त्यांची पाठ धरते. शिक्षक म्हणतात, ‘साहेब, आपला भार मागेंच राहतो.’ गृहस्थ उत्तर देतात, ‘अहो, आणला कीं डाव्या पायावर! मला स्पष्ट जाणवलें.’ ह्या संवादांत खोटें कोणीही बोलत नाहीं. शिक्षकाला दिसलें तें त्यानें सांगितलें, गृहस्थांना जाणवलें तें त्यांनीं सांगितलें. दोघांच्या साक्षी जुळत नाहींत, आणि निवाडा करावयास तिसरा साक्षीदार नाहीं. असे वाद वर्षानुवर्षे चालतात. शेवटीं विद्यार्थी शिक्षक बदलतो, नाहीं तर नवी काठी विकत घेतो, आणि पाठ दुखतच राहते.

ह्या चुकीची किंमत केवळ वाया गेलेल्या चेंडूंत मोजावयाची नाहीं. गोल्फ खेळणारांच्या दुखण्यांत कमरेच्या वरचा पाठीचा भाग अग्रभागीं आहे. भार मागें ठेवून धड पुढें ओढलें, तर कणा वांकलेल्या व पिळलेल्या स्थितींत झटका सोसतो. डाव्या पायावर येणारा बोजाही थोडा नसतो. जोराच्या फटक्यांत एकट्या त्या पायाखालील दाब सबंध शरीराच्या वजनाहूनही अधिक होऊं शकतो. २००८ सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेंत टायगर वूड्स हा विख्यात खेळाडू डाव्या गुडघ्याचा बंध तुटलेला व डाव्या नडगीच्या हाडास तडे गेलेले असतांना खेळला. तो जिंकलाही, परंतु त्यानंतर शस्त्रक्रियेमुळें उरलेला सबंध हंगाम त्याला सोडावा लागला. ती दुखापत केवळ फटक्यानेंच झाली असें म्हणतां येणार नाहीं. परंतु अशा पायावर उभें राहून फटका मारणें म्हणजे काय, हें त्या वेळीं साऱ्या जगानें त्याच्या मुद्रेवर वाचलें. पाय कसा वापरला जातो हें जाणणें म्हणूनच हौशी म्हाताऱ्यालाही महत्त्वाचें आहे.

आतां मूळ घोटाळ्याकडे वळावयास हवें. ‘भार’ हा शब्दच फसवा आहे. श्रोत्यांच्या घरीं उभें राहण्याचा वजनकाटा असेल, तर त्यांनीं एक लहानसा प्रयोग करून पाहावा. कांट्यावर स्वस्थ उभें राहून आंकडा पाहावा. मग एकदम गुडघे वांकवून खालीं बसावें. आंकडा प्रथम घसरतो, आणि बसतां बसतां अंग थांबतें त्या वेळीं तो मूळच्याहून वर उडी मारतो. शरीराचें वजन ह्या सर्व वेळांत कणभरही बदललेलें नाहीं. बदलला तो जमिनीवरील दाब. न्यूटननें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गतीचे जे तीन नियम सांगितले, त्यांतील तिसरा येथें लागू पडतो. पाय जमिनीला जितक्या जोरानें ढकलतो, तितक्याच जोरानें जमीन पायाला उलट ढकलते.

तेव्हां शरीर कोठें आहे ही एक गोष्ट, आणि पाय जमिनीला कोठें व किती दाबतात ही दुसरी गोष्ट. डावीकडे उडी मारावयाची असेल, तर मनुष्य आधीं उजव्या पायानें जमीन दाबतो. त्या क्षणीं शरीर मध्यावरच असतें, पण दाब उजवीकडे असतो. कुशल गोल्फपटूचें धड बाजूस फारसें सरकत नाहीं. दाब मात्र त्याच्या दोन पायांमध्यें मोठा व जलद प्रवास करतो, आणि काठी पुरती वर पोहोंचण्याच्या आधींच तो डावीकडे परतूं लागलेला असतो. आमच्या गृहस्थांना हें कोणीं सांगितलें नव्हतें. ‘भार आणा’ म्हटल्यावर त्यांनीं सबंध धडच डावीकडे सरकवलें, आणि तोल जाऊं नये म्हणून नकळत उजव्या पायावर मागें रेलले. अंग हललें, म्हणून भार हलला असें त्यांना वाटलें. पाय वेगळें सांगत होते. पण पायांची साक्ष घेणार कोण?

ही साक्ष घेण्याची कल्पना आजची नव्हे. पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ एतिएन-झ्यूल मारे ह्यानें १८७३ सालीं प्राण्यांच्या चालीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत धांवणाऱ्या मनुष्याचें एक चित्र आहे. त्याच्या जोड्याच्या रबरी तळांत हवेची पोकळी ठेवलेली असून, तींतून निघालेली नळी त्यानें हातांत धरलेल्या नोंद-यंत्राला जोडलेली आहे. पाऊल जमिनीवर पडलें कीं पोकळीतील हवा दबे, ती नळींतून सरके, आणि फिरत्या नळकांड्यावरील लेखणी वर उचलली जाई. पाऊल किती वेळ टेकलें व किती दाबलें ह्याची रेघ अशा रीतीनें आपोआप उमटे. मनुष्याच्या पायांनीं स्वतःची हकीकत स्वतःच लिहिल्याचें हें आरंभींचें उदाहरण होय.

आजच्या गादींत हवेच्या जागीं वीज आहे, तत्त्व मात्र तेंच. जोड्यांत घालावयाच्या पातळ पट्टीमध्यें अनेक लहान लहान संवेदक पसरलेले असतात. एका प्रकारांत विजेच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्यें लवचिक थर असतो. दाब पडला कीं पापुद्रे जवळ येतात व त्यांची विद्युत् सांठवण्याची क्षमता वाढते. दुसऱ्या प्रकारांत दाबानें विजेच्या वाटेंतील अडथळा कमी होतो. हा फरक मोजून टांच, चवडा, आंतली कड, बाहेरची कड ह्यांपैकीं कोठें किती दाब आहे तें ठरवितां येतें, आणि तो आंकडा बिनतारी मार्गानें खिशांतल्या फोनवर जातो.

कमरेवर व छातीवर लावावयाच्या यंत्रांत दोन संवेदक असतात. पहिल्यांत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. मोटार एकदम सुरू झाली कीं आंतला उतारू मागें फेंकला जातो, तसा हा तुकडा मागें राहतो. त्यावरून वेगांतील बदल कळतो. दुसऱ्यांत असाच तुकडा सारखा थरथरत ठेवलेला असतो. यंत्र फिरलें कीं त्या थरथरीला आडव्या दिशेनें ओढ लागते. फ्रेंच गणिती कोरिओलिस ह्यानें १८३५ सालीं विशद केलेला हाच तो परिणाम. त्यावरून कंबर कोणत्या क्षणीं, किती वेगानें वळली हें समजतें. गादी दाबाची हकीकत सांगते, कमरेवरील यंत्र वळण्याची. दोन्ही हकीकती एका कालरेषेवर मांडल्या म्हणजे आधीं काय घडलें व मागाहून काय, ह्याचा उलगडा होतो. भारसंक्रमणांत हा क्रमच सर्वांत महत्त्वाचा, आणि डोळ्यांना तोच दिसत नाहीं.

गृहस्थांनीं ही गादी घातली, तर काय दिसेल? काठी वर असतांना दाब उजव्या पायावर. काठी खालीं येतांना दाब उजव्या पायावर. चेंडूला स्पर्श झाला तरी त्याचा मोठा भाग उजव्या पायावरच. दाब मागें राहिला म्हणून काठीच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदूही चेंडूच्या मागें राहिला. म्हणून कधीं ती आधींच मातींत जाई, तर कधीं वर चढतां चढतां चेंडूच्या माथ्याला लागे. दोन निरनिराळ्या वाटणाऱ्या चुकांचें मूळ एकच निघालें. शिक्षक व शिष्य ह्यांच्यांतील वाद ह्या एका रेघेनें मिटतो. शिष्याचा मान राहतो, शिक्षकाचा राग शमतो. यंत्राचा पहिला आणि खरा उपयोग हाच आहे.

परंतु साक्षीदाराला न्यायाधीशाच्या आसनावर बसवूं नये. ह्याविषयीं ऑस्ट्रेलियांतील केव्हिन बॉल व रसेल बेस्ट ह्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेलें संशोधन फार बोधप्रद आहे. त्यांनीं ६२ खेळाडूंच्या पायांखालील दाबाचा मध्यबिंदु कसा प्रवास करतो तें मोजलें. त्यांना एकच रीति सांपडेना; दोन सांपडल्या. पहिल्या रीतींत दाब उजवीकडे जाऊन मग डाव्या पायावर येतो व फटक्यानंतरही तेथेंच पुढें जात राहतो. पुस्तकांत वर्णिलेली ती हीच. दुसऱ्या रीतींत दाब डावीकडे येतो खरा, परंतु चेंडूला स्पर्श होण्याच्या सुमारास तो परत मध्याकडे वळतो व नंतर मागें जातो. ही दुसरी रीति म्हणजे नवशिक्यांची चूक, असेंच कोणीही म्हटलें असतें. तसें निघालें नाहीं. दोन्ही गटांत चांगलेही खेळाडू होते आणि सामान्यही.

ह्याचा अर्थ काय? स्पर्शाच्या क्षणीं डाव्या पायावर अमुक टक्के दाब पाहिजेच, असा एकच आंकडा सर्वांच्या डोक्यावर लादणें चुकीचें आहे. दुसऱ्या रीतींतही दाब आधीं डावीकडे येऊन मगच परततो; गृहस्थांच्या बाबतींत तो मुळीं आलाच नव्हता. हा भेद ओळखण्यास आंकड्याच्या जोडीला शिक्षकाचा डोळा लागतो, चेंडूचें उड्डाण पाहावें लागतें, आणि संध्याकाळीं पाठ काय म्हणते हेंही विचारावें लागतें. उंची, वय, गुडघ्यांची अवस्था ह्यांप्रमाणें प्रत्येकाची वाट थोडी निराळी असणारच.

साक्षीदाराच्या दृष्टीलाही मर्यादा आहेत. सेकंदास १०० नोंदी करणारा संवेदक घेतला, तर काठी खालीं येण्याच्या पाव सेकंदांत त्याच्या पंचवीस नोंदी होतात. दाबाचा प्रवास पाहण्यास तेवढ्या पुरतात. परंतु दोन नोंदींमधील अंतर चेंडूच्या स्पर्शकाळाच्या वीसपट असतें. तो स्पर्श त्याला सापडतच नाहीं. जोड्यांतील गादी पायाखालचा उभा दाब मोजते; पाय जमिनीला आडवा किती रेटतो वा पिळतो, हें मोजण्यास प्रयोगशाळेंतील जमिनींत बसविलेला पाट लागतो. जोड्याचे बंद घट्ट आवळले तरी कांहीं आंकडा उमटतो, म्हणून आरंभीं पाय उचलून यंत्र शून्यावर आणावें लागतें. वळण मोजणाऱ्या संवेदकाच्या बारीक चुका सांठत सांठत वाढतात, म्हणून तेंही अधूनमधून स्थिर ठेवून ताळ्यावर आणावें लागतें. हीं पथ्यें जो पाळणार नाहीं, त्यानें आंकड्यांवर विश्वास ठेवूं नये.

आतां शिकण्याची रीति. येथें बहुतेकांची अशी समजूत असते कीं, यंत्र जितकें अधिक बोलेल तितका विद्यार्थी लवकर शिकेल. कांहीं यंत्रें दाब योग्य जागीं गेला कीं शीळ घालतात. परंतु आवाज ऐकून त्याप्रमाणें हालचाल करण्यास मनुष्याला सुमारें दीड दशांश सेकंद लागतो. काठी खालीं येण्याचा सारा काळच अडीच दशांश सेकंद. शीळ ऐकून चूक दुरुस्त करीपर्यंत चेंडू केव्हांच निघून गेलेला असतो. ती सूचना चालू फटक्याच्या कामास येत नाहीं. आली तर पुढच्या फटक्याच्या कामास येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कॅरोली विन्स्टीन व रिचर्ड श्मिट ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९९० सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. हातानें एक तरफ ठराविक रीतीनें हलविण्याचें काम शिकणारांपैकीं कांहींना प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला. कांहींना निम्म्या प्रयत्नांनंतरच सांगितला. मागाहून कांहीं न सांगतां परीक्षा घेतली, तेव्हां कमी वेळां निकाल ऐकलेले विद्यार्थी सरस ठरले. ज्यांना प्रत्येक वेळीं सांगितलें, ते सांगण्यावर विसंबले. ज्यांना मधून मधून सांगितलें, त्यांना स्वतःच्या हाताकडे लक्ष द्यावें लागलें. पाटीवरील प्रत्येक बेरीज गुरुजींनीं लगेच तपासून दिली, तर मुलाला स्वतः ताळा पाहण्याची संवय लागत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट खुद्द गोल्फमधील आहे. गॅब्रिएल वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं नवशिक्यांवर केलेल्या प्रयोगांत कांहींना स्वतःच्या हातांच्या हालचालीकडे लक्ष देण्यास सांगितलें, आणि कांहींना काठीच्या झोंक्याकडे. काठीकडे लक्ष देणारांचे चेंडू लक्ष्याच्या अधिक जवळ पडले, आणि दुसऱ्या दिवशींही तो फायदा टिकला. म्हणून फटका मारतांना ‘आतां उजव्या पायावर किती, डाव्या पायावर किती’ असा हिशेब मनांत चालवणें घातक होय. हिशेब फटक्यापूर्वीं असावा, नाहीं तर फटक्यानंतर.

ह्या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या म्हणजे सरावाचा क्रम आपोआप ठरतो. पहिल्या दिवशीं कांहींही न बदलतां दहा-बारा फटके मारून नुसती नोंद घ्यावी. मनुष्य आहे तसा आधीं दिसूं द्यावा. नंतर शिक्षकाच्या सल्ल्यानें एकच गोष्ट बदलावयास घ्यावी. गृहस्थांसारख्यांसाठीं एक जुना व सोपा सराव आहे. दोन्ही पाय जवळ ठेवून उभें राहावें. काठी निम्म्या जोरानें मागें न्यावी. ती वर पोहोंचते न पोहोंचते तोंच डावें पाऊल लक्ष्याच्या दिशेनें टाकावें, आणि त्या पावलावर उभें राहून फटका पुरा करावा. चालतांना भार डाव्या पायावर कसा आणावा हें कोणाला शिकवावें लागत नाहीं. तीच चाल येथें उसनी घ्यावयाची. असे कांहीं फटके झाले कीं नेहमींप्रमाणें पाय रोवून एक फटका मारावा. मग फोनकडे न पाहतां आधीं स्वतः सांगावें, ‘ह्या खेपेस आला,’ किंवा ‘नाहीं आला.’ त्यानंतर आंकडा पाहावा.

ह्या शेवटच्या कृतींतच सगळें सार आहे. आरंभीं अंदाज आणि आंकडा जुळत नाहींत, कारण जाणीव व वस्तुस्थिति ह्यांच्यांत अंतर असतें. यंत्रानें तें उघड केलें, म्हणून तें भरून काढतां येतें. आठवडे जातात, आणि अंदाज बरोबर येऊं लागतो. पाय काय करीत आहेत हें आतां पायांनाच कळूं लागलेलें असतें. त्या दिवसापासून गादी जोड्यांतून काढून ठेवण्याचा काळ जवळ आला असें समजावें. ज्याचा अंदाज चार महिन्यांनंतरही सुधारला नाहीं, त्यानें यंत्राकडून आंकडे घेतले, विद्या घेतली नाहीं.

कोणी विचारील कीं, पूर्वींच्या थोर खेळाडूंना हें सारें कोठें होतें? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेचा बेन होगन हा २ फेब्रुवारी १९४९ रोजीं मोटारींतून जात असतां समोरून आलेल्या बसवर त्याची गाडी आदळली. कमरेचें हाड मोडलें, घोटा मोडला. तो पुन्हा चालेल कीं नाहीं ह्याची वैद्यांना शंका होती. पुढें १९५० च्या जूनमध्यें, पायांना पट्ट्या गुंडाळून, त्यानें फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनच्या मैदानावर अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली; एका दिवसांत छत्तीस खळग्यांची चाल, आणि दुसऱ्या दिवशीं बरोबरी सोडविण्यासाठीं आणखी अठरा खळगे. १९५७ सालीं लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकांत काठी खालीं आणण्याचा आरंभ कमरेच्या वळण्यानें करावा असें त्यानें शिकविलें. त्याच्या जोड्यांत कोणतीही गादी नव्हती. परंतु त्याच्यापाशीं बाळपणापासून रोज तासन् तास केलेला अभ्यास होता, आणि दुखऱ्या पायाची प्रत्येक कुरबूर ऐकण्याचा धीर होता. आठवड्यांतून एक सकाळ मिळणाऱ्या साठीच्या मनुष्यापाशीं तेवढीं वर्षे शिल्लक नाहींत. त्याला ही वाट थोडी जवळची करून मिळाली, तर त्यांत कमीपणा नाहीं.

खेळाच्या नियमांनींही ह्या साधनाची जागा मोठ्या शहाणपणानें ठरवून दिली आहे. २०१९ सालापासून लागू झालेल्या नियमावलींतील चौथ्या नियमाप्रमाणें फेरी चालू असतांना खेळाडूच्या शरीराविषयींची माहिती नोंदून ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु त्या फेरींत ती वापरण्यास मनाई आहे. सरावाच्या वेळीं साक्षीदारानें हवें तितकें बोलावें. सामना सुरू झाला कीं त्यानें बाहेर बसावें.

तेव्हां रविवारच्या सकाळीं ते गृहस्थ पहिल्या चेंडूपाशीं उभे राहतील, तेव्हां त्यांच्यापाशीं फोन नसेल, शीळ नसेल, आंकडा नसेल. दंव पडलेल्या गवतावर दोन पाय तेवढे असतील. काठी वर जाईल, डावा पाय जमीन दाबील, आणि चेंडू कदाचित् सरळ जाईल, कदाचित् जाणारही नाहीं. परंतु फटका होतांच, चेंडू कोठें पडला हें दिसण्यापूर्वीं, दाब कोणत्या पायावर होता हें त्यांना ठाऊक असेल. आणि संध्याकाळीं पाठ सरळ ठेवून ते नातवंडांशीं बोलत बसूं शकले, तर त्या गादीचें मोल फिटलें असें म्हणावयास हरकत नाहीं.